माकोमानाईच्या गाई आणि साप्पोरोची सॉफ्टी

जपानमध्ये हिंडताना दुकानांच्या दारात एक गोष्ट हमखास दिसते: कमरेएवढ्या उंचीचा प्लास्टिकचा कोन आणि त्यावर वळणं घेत टोकाला निमुळतं होत गेलेलं पांढरंशुभ्र आइस्क्रीम. आपण ज्याला सॉफ्टी म्हणतो, त्याला जपानी माणूस 'सोफुतो कुरीमु' म्हणतो. शब्द दोन्ही इंग्रजी, पण त्यांची ही जोडी जपान्यांनी स्वतःच्या सोयीनं जुळवलेली. चांगलं सोफुतो कुरीमु कुठं मिळेल, असं विचारलं, तर उत्तरेकडच्या होक्काइदो बेटाचं आणि त्याच्या राजधानीचं, म्हणजे साप्पोरोचं नाव निघतंच. कारण विचारलं तर सांगतात, "तिथलं दूधच चांगलं."

या उत्तरातल्या 'तिथलं' या शब्दाशी मी अडलो. दीडशे-पावणेदोनशे वर्षांपूर्वी या बेटावर दुभत्या जनावरांचे कळप नव्हते. जपानचा सामान्य माणूस पिढ्यान्‌पिढ्या गाईचं दूध पीत नव्हता. मग हे दूध 'तिथलं' कधी झालं आणि त्यासाठी काय काय मोजावं लागलं, याचा हा शोध आहे.

सुरुवात नावांपासून करू. 'साप्पोरो' हे नाव जपानी नव्हे. ते आयनू भाषेतून आलं आहे आणि 'कोरडी, मोठी नदी' अशा अर्थाच्या शब्दांशी त्याचा संबंध जोडला जातो. शहराच्या दक्षिणेकडच्या माकोमानाई या भागाच्या नावातला 'नाई' म्हणजे आयनू भाषेत ओढा. आयनू हे या भूमीचे मूळ रहिवासी. नद्यांतला साल्मन मासा, रानातलं हरीण आणि जंगलातल्या वनस्पती यांवर त्यांचं जगणं उभं होतं. जपानी लोक या प्रदेशाला 'एझो' म्हणत. १८६९ मध्ये मेइजी सरकारनं त्याचं 'होक्काइदो' असं नामकरण केलं आणि वसाहतीसाठी 'काइताकुशी' नावाचं स्वतंत्र खातं उघडलं. योगायोग असा, की त्याच वर्षी योकोहामात बाशामिची या रस्त्यावर माचिदा फुसाझो यानं 'आइसुकुरीन' विकायला काढलं. जपानमधल्या आइस्क्रीमच्या धंद्याची सुरुवात तिथून धरतात. दूध आणि आइस्क्रीम असे दोन वेगवेगळे रस्ते एकाच वर्षी निघाले. ते एकत्र यायला ऐंशीहून अधिक वर्षं लागली.

काइताकुशीपुढचा प्रश्न हवामानाचा होता. लांबलचक, बर्फाळ हिवाळ्यात त्या काळची भातशेती टिकेना. १८७१ मध्ये सल्लागार म्हणून आलेले होरेस केप्रन हे अमेरिकेच्या शेतीखात्याचे प्रमुख राहिलेले गृहस्थ. त्यांनी गहू आणि पशुपालन यांवर भर द्यायला सांगितलं. १८७३ मध्ये ओहायो राज्यातला एडविन डन हा पंचविशीतला तरुण जनावरं घेऊन जपानला पोचला. १८७६ मध्ये त्यानं माकोमानाईला गुरांचा सरकारी मळा उभा केला. त्याच वर्षी साप्पोरो कृषी महाविद्यालयात विल्यम क्लार्क शिकवायला आले. चारा कसा पेरावा, धार कशी काढावी, लोणी आणि चीज कसं करावं, हे सारं जपानी तरुण माकोमानाईला डनकडून शिकले.

डनच्या मळ्याचं जुनं लाकडी कार्यालय आज त्याचं स्मृतिसंग्रहालय म्हणून जपलं आहे. मी तिथं गेलो तेव्हा आत दुसरं कुणी नव्हतं. बाहेर नेटक्या घरांची वस्ती. इथं कधी कुरणं होती, हे सांगूनही खरं वाटू नये. डन पुढं जपानमध्ये अमेरिकेचा राजदूत झाला, त्यानं जपानी स्त्रीशी लग्न केलं आणि १९३१ मध्ये तोक्योतच त्याचा मृत्यू झाला. होक्काइदोत त्याला दुग्धव्यवसायाचा जनक मानतात, आणि तो मान योग्यच आहे.

पण डनच्या कामाला आणखी एक बाजू आहे. निइकाप्पु इथल्या सरकारी घोड्यांच्या मळ्यावर लांडगे शिंगरं मारू लागले, तेव्हा त्यानं अमेरिकेतल्या पशुपालकांचा उपाय इथं आणला: मांसात स्ट्रिक्निन हे विष घालून ते रानात टाकायचं. सरकारनंही लांडगा मारणाऱ्याला बक्षीस लावलं. एकोणिसावं शतक सरताना होक्काइदोचा लांडगा संपला होता. आयनूंच्या लेखी तो देव होता, त्यांच्यासारखाच हरणांवर जगणारा शेजारी. साल्मनची मासेमारी आणि हरणांची शिकार यांवर निर्बंध आले, जमिनी वसाहतकऱ्यांना वाटल्या गेल्या. १८९९ च्या कायद्यानं आयनूंना 'माजी आदिवासी' असं नाव देऊन त्यांच्या 'संरक्षणा'साठी शेतकरी व्हायला लावलं. दुधाच्या भूमीचा इतिहास सांगताना हे पान वगळलं, तर गाईंना चरायला कुरण कुठून मिळालं, याचं उत्तरच मिळत नाही. जपानच्या संसदेनं आयनूंना मूळ रहिवासी म्हणून मान्यता देण्याचा ठराव केला तो २००८ मध्ये.

सरकारनं गाई आणल्या, तरी दूध 'तिथलं' केलं ते शेतकऱ्यांनी. उत्सुनोमिया सेन्तारो हा क्यूशू बेटावरचा तरुण १८८५ मध्ये माकोमानाईला कामाला लागला. पुढं विस्कॉन्सिनला जाऊन तो दुग्धव्यवसाय शिकला आणि परतल्यावर त्यानं साप्पोरोत स्वतःचा गोठा काढला. गाई पाळण्याचे तीन गुण तो सांगत असे: अधिकाऱ्यांपुढं मान तुकवावी लागत नाही, जनावराशी खोटं बोलून चालत नाही, आणि दुधानं देशातल्या माणसांची प्रकृती सुधारते. त्याच्या गोठ्यावर १९०५ मध्ये कुरोसावा तोरिझो नावाचा तरुण आला. आशिओ तांब्याच्या खाणीच्या विषारी सांडपाण्याविरुद्ध लढणाऱ्या तानाका शोझो यांचा हा शिष्य. खाणीनं नासवलेली जमीन त्यानं पाहिली होती. जमीन निरोगी तर माणूस निरोगी, हे सूत्र तो जन्मभर धरून राहिला.

या दोघांची कसोटी लागली ती १९२३ च्या भूकंपानंतर. तोक्यो-योकोहामा उद्ध्वस्त झालं. टंचाई भागवण्यासाठी सरकारनं परदेशी दुग्धपदार्थांवरचं आयातशुल्क काढून टाकलं. स्वस्त माल आला आणि होक्काइदोच्या शेतकऱ्याच्या दुधाला गिऱ्हाईक उरेना. अधिकाऱ्यांपुढं मान तुकवायची नाही, म्हणून हा धंदा पत्करलेल्या माणसांच्या गळ्याशी सरकारी निर्णयच आला होता. त्यांनी डेन्मार्ककडे पाहिलं. तिथल्या छोट्या शेतकऱ्यांनी सहकारातून दूध, लोणी आणि बाजार स्वतःच्या हाती घेतला होता. १९२५ मध्ये उत्सुनोमिया, कुरोसावा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी साप्पोरोत सहकारी संघ स्थापन केला आणि आपल्या दुधाचं लोणी आपणच करून विकायला सुरुवात केली. 'युकिजिरुशी', म्हणजे हिमछाप, हे जपानभर घराघरात पोचलेलं नाव या संघाचंच. सहकारी साखर कारखान्यांच्या महाराष्ट्रातल्या वाचकाला ही गोष्ट वेगळी समजावून सांगायला नको.

दूध आलं; सॉफ्टी यायची होती. युद्धात हरलेल्या जपानवर अमेरिकी फौजांचा ताबा आला. १९४६ मध्ये माकोमानाईची कुरणं ताब्यात घेऊन तिथं कॅम्प क्रॉफर्ड ही छावणी उभारली गेली. सत्तर वर्षांपूर्वी एका अमेरिकनानं जिथं गाई आणल्या, तिथून दुसऱ्या अमेरिकनांनी त्या हलवल्या. तोक्योत, ३ जुलै १९५१ रोजी, मेइजी मंदिराच्या बाहेरच्या उद्यानात अमेरिकी लष्करानं आपल्या स्वातंत्र्यदिनानिमित्त भरवलेल्या जत्रेत सामान्य जपानी माणसानं प्रथम सॉफ्टी चाखली. यंत्रं अमेरिकेतून मागवली होती तानाका जोजी या अमेरिकेत जन्मलेल्या जपानी व्यापाऱ्यानं. 'सोफुतो कुरीमु' हे सुटसुटीत नावही त्यानंच रुळवलं. ३ जुलै हा आज जपानमध्ये सॉफ्टीचा दिवस मानला जातो.

या यंत्राला होक्काइदोचं दूध इतकं का मानवलं, याचं कारण तापमानात आहे. आपल्याकडच्या पॉट आइस्क्रीमसारखंच इथंही मिश्रण थंड भांड्याच्या कडेला गोठतं आणि पातं ते खरवडत राहतं. त्यात हवा मिसळते. नेहमीचं आइस्क्रीम पुढं उणे १८ अंश किंवा त्याहून खाली गोठवून साठवतात. सॉफ्टी मात्र उणे ५ ते ७ अंशांवर थेट कोनात उतरते. फार थंडीनं जीभ बधिर होते आणि चव दबते. सॉफ्टीत ती तितकी दबत नाही, त्यामुळे दुधाचा गुण आणि दोष दोन्ही उघडे पडतात. जपानी नियमांत 'आइस्क्रीम' म्हणवण्यासाठी दुधाचा घनांश किमान १५ टक्के आणि त्यात दुधाची स्निग्धता किमान ८ टक्के लागते. त्याखाली 'आइस मिल्क', आणि त्याहूनही खाली, पण घनांश किमान ३ टक्के असला तर 'लॅक्टो आइस'. पर्यटनस्थळांवरच्या रंगीबेरंगी सॉफ्ट्यांत तयार मिश्रणाच्याही पुष्कळ असतात. त्यात वाईट काही नाही, पण ते 'तिथलं दूध' नव्हे.

आता मूळ प्रश्न: साप्पोरोत चांगली सॉफ्टी कुठं शोधायची? माझा अनुभव असा, की दुकानाचं नाव विचारण्याआधी दूध कुठल्या गोठ्याचं, हे विचारावं. शहराला लागून असलेल्या एबेत्सुत माचिमुरा घराण्याचा मळा आहे. या घराण्यातले किन्या हे क्लार्कच्या महाविद्यालयाच्या दुसऱ्या तुकडीतले विद्यार्थी. त्यांनी डनच्या हाताखाली माकोमानाईला काम केलं. त्यांच्या मुलानं अमेरिकेत शिकून येऊन १९१७ मध्ये स्वतःचा मळा काढला. या मळ्याच्या दुधाची सॉफ्टी खाताना गोड चव मागं राहते आणि ताज्या सायीची पुढं येते. साप्पोरोच्या पूर्वेकडच्या सातोलँड या शेती-उद्यानालगतच दुधाचा कारखाना आहे. तिथलीही साधी, पांढरी सॉफ्टी घ्यावी. रात्री सुसुकिनोच्या दिव्यांत 'मिल्क मुरा' नावाचं दुकान सॉफ्टीसोबत निरनिराळी मद्यं देतं. हिमछापच्या पार्लरमधलं, १९६८ मध्ये सम्राटांच्या भेटीसाठी बनवलेलं 'स्नो रॉयल' ही सॉफ्टी नव्हे, पण दुधाची ताकद कळावी म्हणून तेही चाखावं.

गोठ्याचं नाव विचारण्यामागं आणखी एक कारण आहे. शेतकऱ्यांनी उभी केलेली हिमछाप पुढं अवाढव्य कंपनी झाली. २००० मध्ये तिच्या ओसाका कारखान्यातल्या दुग्धपदार्थांतून तेरा हजारांहून अधिक लोकांना विषबाधा झाली. मूळ होक्काइदोतल्या एका कारखान्यात वीज गेल्यावर नासलेल्या दुधाच्या भुकटीत होतं. दूध आणि ते पिणारा यांतलं अंतर वाढलं, की जनावराशी खोटं बोलता येत नाही हा उत्सुनोमियाचा भरवसा माणसांच्या कामी येत नाही, एवढंच यातून दिसतं. आज देशाचं निम्म्याहून अधिक दूध होक्काइदोत निघतं. त्यातलं बरंचसं लोणी, चीज आणि भुकटीसाठी जातं आणि त्याला पिण्याच्या दुधापेक्षा कमी भाव मिळतो. मळ्याच्या दारात सॉफ्टी विकणाऱ्या शेतकऱ्याला निदान तेवढ्या दुधाचा भाव स्वतः ठरवता येतो. १९२५ च्या मंडळींना हवं होतं ते हेच.

साप्पोरोला कुणी जाणार असेल, तर एक सुचवतो. नाम्बोकु भुयारी रेल्वेनं आधी माकोमानाईच्या बाजूला जाऊन डनचं लाकडी कार्यालय पाहावं आणि मग एबेत्सुची गाडी धरावी. त्या क्रमानं खाल्लेल्या सॉफ्टीत आयनू ओढ्याचं नाव, ओहायोच्या गाई, मारलेले लांडगे, भूकंपानंतर एकवटलेले शेतकरी आणि लष्करी जत्रेतलं यंत्र हे सगळं आहे, हे ठाऊक असतं. थंडीतही तिथले लोक उबदार खोलीत बसून आइस्क्रीम खातात, तेव्हा बर्फाची अडचण सांगू नये. साधी, दुधाचीच मागावी.