श्येनाचं एक पीस

गरुड म्हटलं की डोळ्यांसमोर येतो तो विष्णूचं वाहन असलेला, हात जोडून बसलेला, आज्ञाधारक. ऋग्वेदातला श्येन तसा नाही. तो चोर आहे, आणि सूक्तांना त्याचं भारी कौतुक आहे. (श्येन म्हणजे गरुड की ससाणा, हा वाद जुना आहे. मोठा शिकारी पक्षी, एवढं धरलं तरी चालेल.)

चौथ्या मंडलातली २६ आणि २७ ही सूक्तं पाहा. सोम स्वर्गात, पहाऱ्यात आहे. श्येन तो उचलतो आणि खाली झेपावतो. कृशानू नावाचा धनुर्धर बाण सोडतो. पक्षी निसटतो, सोम इंद्राला मिळतो. पण एक पीस गळून पडतं. एवढ्या पराक्रमाच्या वर्णनात कवीनं ते नुकसान गाळलं नाही, हे मला फार आवडतं.

पिसासाठी सूक्तात शब्द आहे ‘पर्ण’. पर्ण म्हणजे पीस, आणि पानही. शतपथ ब्राह्मणानं हा धागा बरोबर पकडला. तिथे पक्ष्याच्या जागी गायत्री छंद आहे. ती सोम आणते, वाटेत बाणानं एक पर्ण तुटतं. ते गायत्रीचं पीस की सोमाचं पान? ग्रंथ दोन्ही शक्यता ठेवतो. ते जमिनीवर पडलं आणि त्याचं झाड झालं: पर्ण, म्हणजे आपला पळस. यज्ञासाठी दूध काढताना वासरं गाईंपासून हाकायची ती पळसाच्याच फांदीनं, आणि ती का, हे सांगायला ही गोष्ट येते. मुंजीत बटूच्या हाती देतात तो दंडही पळसाचाच.

महाभारताच्या आदिपर्वात बाजू पालटतात. गरुड अमृत आणतो ते आई विनतेला दास्यातून सोडवायला, आणि आता ते परत मिळवायला मागे लागतो खुद्द इंद्र. तो वज्र मारतो. गरुडाला काहीच होत नाही. ज्या ऋषीच्या हाडांचं ते वज्र, त्याचा मान राखायला तो आपणहून एक पीस टाकतो. जखमेचं सौजन्य झालं! याच कथेत तो विष्णूचं वाहन होतो. अशा पक्ष्याला बाण लागलेला दाखवणं कथाकारांना जड गेलं असावं.

त्या देखण्या पिसावरून त्याला ‘सुपर्ण’ नाव पडलं, असं महाभारत सांगतं. ऋग्वेदातल्या सोम आणणाऱ्या पक्ष्याला मात्र ‘सुपर्ण’ आधीपासूनच म्हणत होते.