'जादू' या शब्दाचें कूळ

'जादू' हा शब्द आपण इतक्या सहजपणें उच्चारतों, कीं त्याच्या पाठीशीं सुमारें तीन हजार वर्षांचा इतिहास उभा आहे हें ध्यानांतहि येत नाहीं. मराठींत तो फारसींतून आला. फारसी 'जादू'चें मूळ अवेस्तांतील 'यातु' या शब्दांत आहे. आणि 'यातु' हा शब्द ऋग्वेदांतहि आढळतो. म्हणजे ज्याला आपण परका समजतों, तो आपल्याच 'यातु'चा इराणांत वाढलेला सख्खा भाऊ होय.

यातुविद्या जवळ बाळगणारा तो यातुधान. ऋग्वेदाच्या सातव्या मंडलांतील १०४ वें सूक्त परंपरेनें वसिष्ठांचें मानलें जातें. त्यांत ऋषि शपथ वाहतो कीं, आपण यातुधान असलों तर आजच आपणांस मरण येवो. आणि खोटा आळ घेणाऱ्यास तो शापहि देतो. या शब्दाचा धाक केवढा होता, हें यावरून दिसतें.

आतां पश्चिमेकडे वळूं. तिकडील 'मॅजिक' हा शब्दहि इराणांतूनच निघाला. प्राचीन इराणांत 'मगु' हें एका पुरोहितवर्गाचें नांव होतें. यज्ञप्रसंगीं उपस्थित राहणें, स्वप्नांचा अर्थ सांगणें हीं त्यांचीं कामें हिरोडोटसनें वर्णिलीं आहेत. परंतु ग्रीकांचें इराणाशीं वैर होतें. शत्रूच्या पुरोहिताची विद्या त्यांना संशयास्पद वाटली, आणि 'मागोस' या शब्दास भोंदू, मांत्रिक असा अर्थ हळूहळू चिकटला. पुढें रोमन लोकांनीं तो शब्द त्या अर्थासह उचलला.

या अर्थांतराची झळ एका नामवंत लेखकास लागली. इ. स. १५८-५९ च्या सुमारास उत्तर आफ्रिकेंतील साब्राथा येथें अपुलेयस याजवर खटला झाला. पुडेंटिला नांवाच्या श्रीमंत विधवेशीं त्यानें विवाह केला होता. तो मंत्रतंत्रानें घडवून आणला, असा तिच्या पहिल्या सासरच्या मंडळींचा आरोप. अपराध शाबीत होता तर प्राणावर बेतली असती. आपल्या बचावाच्या भाषणांत त्यानें फिर्यादींच्या वकिलांस विचारलें कीं, इराणी भाषेंत ज्याचा अर्थ पुरोहित, तो शब्द मला लावला तर त्यांत अपराध कोणता?

'पेगन' या शब्दाची गतीहि अशीच झाली. लॅटिन 'पागानुस' म्हणजे मूळचा खेडवळ. चौथ्या शतकांत ख्रिस्ती लोक जुन्या देवांच्या उपासकांस तो लावूं लागले. त्या उपासकांनीं हें नांव आपण होऊन घेतलेलें नव्हतें.

या शब्दांच्या इतिहासांत विद्येपेक्षां आळाचाच भाग मोठा दिसतो, आणि तो आळ आपल्याकडेहि संपलेला नाहीं. म्हणूनच महाराष्ट्रांत २०१३ सालीं झालेल्या जादूटोणाविरोधी कायद्यानें केवळ भोंदूगिरीसच शासन ठेविलें असें नाहीं. अमुक व्यक्ति करणी करते, मंत्रतंत्रानें गुरांचें दूध आटविते, रोगराई पसरविते, असें म्हणून तिचें जगणें कठीण करणें हाहि त्यानें गुन्हा ठरविला. वैदिक ऋषीजवळ शपथेचें बळ होतें, अपुलेयसजवळ वाणीचें. ज्या गरीब बाईला गांव चेटकीण म्हणतें, तिच्याजवळ यांपैकीं कांहींच नसतें. तिच्यासाठीं निदान कायदा तरी आहे. तो तिच्या दारापर्यंत पोंचविणें हें मात्र आपल्याच हातीं आहे.