डब्यावरची अक्षरे : ट्रकच्या इंजिन ऑइलचा आणि फिल्टरचा इतिहास

डिझेल ट्रकच्या इंजिन ऑइलच्या डब्यावर आज '१५डब्ल्यू-४०' आणि 'एपीआय सीके-४' अशी जी चिन्हे छापलेली असतात, ती एका वेळी आणि एका हाताने ठरलेली नाहीत. त्यांतले आकडे मोटार-अभियंत्यांनी दिले, अक्षरे तेलधंद्याच्या संघटनेने दिली, आणि दोहोंच्या मागे अडकलेल्या रिंगांची, खाल्लेल्या बेअरिंगांची व गाळाने भरलेल्या चेंबरांची लांबलचक रांग उभी आहे. ट्रकचा मालक वर्कशॉपकडे न जाता स्वतः गाडीखाली शिरून तेल बदलतो, तेव्हा कोणते तेल आणि कोणता फिल्टर हा निर्णय त्याच्या एकट्यावर येऊन पडतो. या निर्णयाचा इतिहास मुख्यतः अमेरिकेत घडला, कारण शेतावरचा ट्रक शेतावरच दुरुस्त करण्याची रीत तिथे मोटारीइतकीच जुनी आहे. आणि तो बऱ्याच अंशी बोटांची चिमूट व डोळ्यांची पारख यांवरचा भरवसा कमी होत गेल्याचा इतिहास आहे.

खनिज तेलापूर्वी यंत्रांना चरबी, देवमाशाचे तेल आणि वनस्पतिजन्य तेले घातली जात. बैलगाडीच्या आसाला एरंडेलाचे वंगण देणाऱ्या महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याला त्यात नवल वाटण्याजोगे काही नव्हते, कारण धातूला चिकटून राहण्याचा एरंडेलाचा गुण त्याच्या रोजच्या परिचयाचा होता. पेनसिल्व्हेनियातल्या टायटसव्हिल येथे १८५९ मध्ये खनिज तेलाची विहीर यशस्वी झाली आणि १८६६ मध्ये, म्हणजे मोटार जन्माला येण्याच्या बरीच वर्षे आधी, पुढे व्हॅल्व्होलिन आणि मोबिल या नावांनी ओळखल्या गेलेल्या दोन्ही उद्योगांचा पाया वाफेच्या इंजिनांच्या वंगणावर घातला गेला. एरंडेल मात्र लगेच हद्दपार झाले नाही. इंग्लंडमधल्या चार्ल्स वेकफिल्ड यांच्या कंपनीने १९०९ मध्ये आपल्या मिश्र तेलाला 'कॅस्ट्रॉल' हे नाव दिले, ते 'कॅस्टर' म्हणजे एरंड या शब्दावरूनच. आज हायवेवरच्या दुकानांच्या पाट्यांवर दिसणाऱ्या त्या नावात एरंडाची बी अजून शिल्लक आहे.

फोर्डची मॉडेल टी १९०८ मध्ये आली आणि तिच्यावर आधारलेला एक टन वजन वाहणारा मॉडेल टीटी ट्रक १९१७ मध्ये. या इंजिनात तेलाचा पंप नव्हता, दाब दाखवणारे घड्याळ नव्हते आणि फिल्टरही नव्हता. फिरणारे फ्लायव्हील तेलात बुडून ते वर उडवी, त्यातले थोडे एका नळीत पडून पुढच्या बाजूला वाहत जाई आणि बाकीच्याचा शिडकावा होई. तेलाची पातळी पाहण्यासाठी पट्टीसुद्धा नव्हती. इंजिनाच्या खालच्या अंगाला वरखाली बसवलेल्या दोन छोट्या तोट्या असत, आणि चालकाने गाडीखाली वाकून त्या एकेक करून उघडायच्या. वरच्या तोटीतून तेल येत नसेल व खालच्या तोटीतून येत असेल, तर पातळी दोहोंच्या मध्ये कुठेतरी आहे असे समजायचे. थेंब बोटावर घ्यायचा, अंगठ्याने चोळायचा, कचकच लागते का पाहायचे, रंग पाहायचा, आणि पटले नाही तर सगळे तेल सोडून द्यायचे, एवढीच परीक्षा होती. त्या काळाच्या तेलासाठी ती चुकीचीही नव्हती, कारण त्या तेलात तेलाशिवाय दुसरे फारसे काही मिसळलेले नसे.

पहिला आकडा आला तो दाटपणाचा. तेलाच्या वाहण्याला आतूनच होणारा जो विरोध, त्याला शास्त्रीय मराठीत श्यानता म्हणतात, आणि ती मोजण्याची सेबोल्ट यांची पद्धत अगदी घरगुती वाटावी इतकी साधी होती : ठरावीक तापमानाचे ६० मिलिलिटर तेल ठरावीक छिद्रातून गळायला किती सेकंद लागतात, ते मोजायचे. अमेरिकेतील मोटार-अभियंत्यांच्या 'एसएई' या संस्थेने १९११ मध्ये तेलांचे वर्गीकरण पुढे आणले आणि 'हलके', 'मध्यम', 'जड' या दुकानदारी विशेषणांची जागा हळूहळू २०, ३०, ४० या अंकांनी घेतली. परंतु तेल थंडीत घट्ट होते आणि उष्णतेत पातळ होते, तेही प्रत्येक तेल सारख्या प्रमाणात नव्हे. हा फरक मोजण्यासाठी १९२९ मध्ये डीन आणि डेव्हिस यांनी श्यानता-निर्देशांक मांडला, ज्यात पेनसिल्व्हेनियाच्या तेलाला १०० आणि मेक्सिकोच्या आखातालगतच्या तेलाला शून्य गुण देण्यात आले. तापमान बदलले तरी कमीत कमी बदलणारे तेल ते चांगले, असा त्याचा अर्थ. पुढे हिवाळ्यासाठी 'डब्ल्यू' हे अक्षर आले. लांब साखळीचे रेणू मिसळून थंडीत पातळ आणि उष्णतेत पुरेसे दाट राहणारे तेल तयार करता येऊ लागले, तेव्हा १९५० च्या दशकात एकाच डब्यावर दोन अंक दिसू लागले. '१५डब्ल्यू-४०' मधला पहिला अंक थंड इंजिन सुरू होतानाचा आणि दुसरा तापलेल्या इंजिनातला आहे. पहिला अंक जितका मोठा तितके तेल 'ताकदवान', ही समजूत मात्र अजून गेलेली नाही.

दाटपणाने सगळे भागत नाही, हे डिझेलने शिकवले. कॅटरपिलर कंपनीने १९३१ मध्ये डिझेल ट्रॅक्टर बाजारात आणला आणि थोड्याच काळात पिस्टनच्या खाचांतल्या रिंगा जागच्या जागी चिकटून बसू लागल्या. डिझेल इंजिनात दाब आणि उष्णता अधिक असल्यामुळे तेल करपून खाचांत लाखेसारखा थर धरी, रिंग हालेनाशी होई, आणि मग दाब खाली चेंबरात, म्हणजे इंजिनाच्या तळच्या तेलाच्या भांड्यात, गळू लागे. तेल उत्तम प्रतीचे, स्वच्छ, सोनेरी असले तरी हे घडे. कॅलिफोर्नियाच्या स्टँडर्ड ऑइल कंपनीने १९३० च्या दशकाच्या मध्यास यावर जो उपाय काढला, तो धातूंच्या साबणांच्या जातीची संयुगे तेलात विरघळवण्याचा होता. त्यातूनच 'डेलो' हे तेल निघाले, ज्याचे नाव 'डिझेल इंजिन ल्युब्रिकेटिंग ऑइल' या शब्दांच्या आद्याक्षरांचे आहे. घाण धातूवर बसू द्यायची नाही, तेलातच तरंगत ठेवायची आणि तेल बदलताना तेलाबरोबर बाहेर काढायची, असे या प्रक्षालक तेलाचे काम होते. साबण आला तसा त्याचा त्रासही आला : सुरुवातीची काही मिश्रणे तांबे-शिशाच्या बेअरिंगांना खाऊ लागली, आणि ते थांबवण्यासाठी आणखी द्रव्ये मिसळावी लागली, ज्यांतले जस्त व फॉस्फरसचे संयुग १९४० च्या दशकापासून आजतागायत झीज रोखण्याचे काम करत आहे.

बोटांच्या परीक्षेचा पाया इथे खचला. प्रक्षालक तेल डिझेल इंजिनात घातले की थोड्याच अंतरात काळे होते, कारण काजळी उचलून धरणे हेच त्याचे काम आहे. उलट साधे तेल पट्टीवर बराच काळ स्वच्छ दिसते, कारण घाण त्यात नसून चेंबरच्या तळाशी आणि रिंगांच्या खाचांत बसलेली असते. काळे तेल म्हणजे मेलेले तेल, ही जुनी पारख यामुळे नेमकी उलटी ठरली. पुराण्या मिस्त्रींचा विरोध तरीही निव्वळ अडाणीपणाचा नव्हता, कारण वर्षानुवर्षे साध्या तेलावर चाललेल्या इंजिनात एकदम प्रक्षालक तेल घातले की साचलेला गाळ सुटून तेलाच्या वाटा बुजू शकत.

तेलाचा हा अंतर्गुण डोळ्याला दिसत नसल्यामुळे तो डब्यावर लिहिणे भाग पडले. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी लष्कराने आपल्या वाहनांसाठी तेलाचे कसोटीपत्र ठरवले होते. १९४७ मध्ये अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटने, म्हणजे एपीआयने, 'रेग्युलर', 'प्रीमियम' आणि 'हेवी ड्यूटी' असे तीन वर्ग केले, १९५२ मध्ये त्यांची जागा कामाच्या कठोरतेनुसार पाडलेल्या वर्गांनी घेतली, आणि १९७० च्या सुमारास पेट्रोलसाठी 'एस' व व्यापारी डिझेल वाहनांसाठी 'सी' ही आजची अक्षरमाला सुरू झाली. सीडी, सीई, मग १९९० मध्ये सीएफ-४. त्यातला चार हा आकडा श्रेणीचा नसून चार-स्ट्रोक इंजिनाचा आहे, आणि त्याला कारण होते. डेट्रॉइट डिझेलची १९३८ पासूनची दोन-स्ट्रोक इंजिने कमी राखेचे, एकेरी ४० अंकाचे तेल मागत, तर कमिन्सची चार-स्ट्रोक इंजिने दुहेरी अंकाच्या तेलाकडे वळली होती. म्हणून एकाच अंगणात दोन्ही जातींचे ट्रक उभे करणाऱ्या मालकाला दोन बॅरल ठेवावी लागत.

फिल्टरची कथा वेगळी सुरू झाली आणि उशिरा येऊन मिळाली. अर्नेस्ट स्वीटलँड आणि जॉर्ज ग्रीनहाल्श यांनी १९२३ मध्ये कॅलिफोर्नियात मोटारीच्या तेलाच्या फिल्टरचे पेटंट मिळवले व त्याला 'प्युअर ऑइल लेटर' या शब्दांवरून 'प्युरोलेटर' हे नाव दिले. पुढच्याच वर्षी क्रायस्लरची मोटार असा फिल्टर लावून आली. तो बगलेचा फिल्टर होता, म्हणजे पंपाने ढकललेल्या तेलाचा थोडासाच भाग त्यातून जाई आणि उरलेले न गाळताच बेअरिंगांकडे जाई. सगळे तेल गाळायचे तर जाळी विरळ ठेवावी लागते, आणि जाळी बारीक ठेवली तर इंजिन तहानलेले राहते, हा पेच आजही सुटलेला नाही; दुसऱ्या महायुद्धानंतर पूर्ण प्रवाहाचा फिल्टर रूढ झाला तोही आत एक झडप घेऊनच, जी फिल्टर तुंबल्यावर किंवा थंडीत तेल फार दाट असल्यावर उघडते आणि न गाळलेले तेल पुढे जाऊ देते, कारण घाणेरडे तेल हे तेल नसण्यापेक्षा बरे. अवजड ट्रकांवर म्हणूनच अनेकदा पूर्ण प्रवाहाचा आणि बगलेचा असे दोन्ही फिल्टर दिसतात.

घरी तेल बदलणाऱ्याच्या दृष्टीने खरा बदल १९५० च्या दशकाच्या मध्यास झाला, जेव्हा विक्स कंपनीने आट्यांवर फिरवून बसवण्याचा, बंद डब्याचा फिल्टर आणला. त्याआधी फिल्टरचे भांडे खोलायचे, आतला भरलेला तुकडा काढायचा, भांडे धुवायचे आणि रबरी कडी नव्याने बसवायची, हे कोपरापर्यंत हात भरवणारे काम होते. नव्या फिल्टरची रीत थोडक्यात सांगता येते : कडीवर बोटाने नवे तेल लावायचे, फिल्टर हाताने फिरवत कडी टेकेपर्यंत न्यायचा आणि मग साधारण पाऊण फेरा आवळायचा, पाना न लावता. एक चूक मात्र या रचनेतच दडलेली आहे. जुना फिल्टर काढताना त्याची कडी कधी कधी इंजिनाला चिकटून राहते, तिच्यावर नवी कडी बसते, आणि इंजिन सुरू होऊन दाब चढला की दोन कड्यांच्या फटीतून सगळे तेल जमिनीवर येते. म्हणून जुना फिल्टर हातात आल्याबरोबर त्याची कडी त्यालाच आहे का, हे पाहण्याची सवय जाणते लोक लावून घेतात.

आटे जुळले म्हणजे फिल्टर जुळला असे नव्हे, हेही डब्याच्या आत असल्यामुळे दिसत नाही. झडप किती दाबाला उघडते, इंजिन बंद असताना तेल परत ओघळू न देणारा रबरी पडदा कोणत्या रबराचा आहे, आणि कागद किती मायक्रॉनचे, म्हणजे मिलिमीटरच्या किती हजाराव्या भागाचे, कण अडवतो, यावर फिल्टर ठरतो. त्यातही नुसता 'दहा मायक्रॉन' हा दावा पोकळ असतो, कारण त्या आकाराचे निम्मे कण अडवणारा आणि जवळजवळ सगळे अडवणारा असे दोघेही तो आकडा छापू शकतात. तेच तेल पुन्हापुन्हा फिरवून किती टक्के कण अडले ते मोजणारी आयएसओची कसोटी त्यासाठीच आली.

भारतात ट्रकचे तेल बदलणे हे हौसेचे काम कधीच नव्हते. मुंबईत कुर्ल्याला वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर कारखान्यात ट्रक आणि १९५४ पासून जमशेदपूरला टाटा-मर्सिडीजचे ट्रक तयार होऊ लागले, आणि चेंबरचा नट सोडून तेल काढणे, नवा वायसर घालणे, बॅरलमधून डब्याने तेल ओतणे हे ड्रायव्हर-क्लीनरच्या अंगवळणी पडले. तुर्भ्याला, म्हणजे ट्रॉम्बेला, स्टँडर्ड-व्हॅक्युम (पुढचे एस्सो) आणि बर्मा-शेल यांचे तेलशुद्धीकरण कारखाने १९५४-५५ मध्ये उभे राहिले, १९६९ मध्ये ल्यूब इंडियाने मुंबईत वंगणाचे मूळ तेल काढायला सुरुवात केली, आणि १९७२ मध्ये इंडियन ऑइलचे 'सर्वो' आले. उष्ण हवामानात एकेरी ४० अंकाचे तेल भारतीय ट्रकांत दीर्घकाळ चालले. निवडीचा प्रश्न इथे अंकाचा कमी आणि भेसळीचा जास्त होता, कारण सुट्या तेलात वापरलेले तेल गाळून मिसळले तरी चिमटीला आणि डोळ्याला ते कळत नाही. वंगण तेलाच्या प्रक्रियेवर व विक्रीवर नियंत्रण आणणारा १९८७ चा केंद्रीय आदेश याच पार्श्वभूमीवर वाचावा लागतो. काढलेले जळके ऑइल मात्र वाया जात नसे. ते सेंट्रिंगच्या फळ्यांना आणि वाळवी लागू नये म्हणून लाकडाला लावले जाई. ते धोकादायक कचऱ्यात मोडते, हे कायद्याने फार नंतर सांगितले.

डिझेलमधल्या गंधकानेही तेलाची निवड ठरवली. गंधक जळून आम्ल तयार होते आणि ते मारण्यासाठी तेलात अल्कधर्मी द्रव्यांचा साठा ठेवावा लागतो. अमेरिकेत २००६ मध्ये डिझेलमधले गंधक दशलक्षात १५ भागांवर आणि भारतात भारत स्टेज-६ बरोबर २०२० मध्ये १० भागांवर आल्यावर ही गरज घटली, पण धुराड्यातल्या काजळी-फिल्टरने नवी अट घातली : तेलातल्या धातूंची राख त्या फिल्टरची भोके कायमची बुजवते. म्हणून २००६ च्या सीजे-४ तेलात राखेला एक टक्क्याची मर्यादा आली, म्हणजे १९३० च्या दशकात रिंगा सोडवणाऱ्या धातूंच्या साबणांवरच लगाम बसला.

गंधकाचा हा बदल होण्याआधी अमेरिकेत घरी तेल बदलणाऱ्यांचा लाडका ट्रक होता फोर्डचा ७.३ लिटर पॉवर स्ट्रोक इंजिनाचा, १९९४ ते २००३ मधला. त्यात १५ क्वार्ट, म्हणजे १४ लिटरांहून थोडे अधिक तेल लागे, कारण तेच तेल प्रचंड दाबाखाली इंजेक्टरही चालवत असे. तेलात हवेचे बुडबुडे झाले तर वंगण बिघडण्याआधी इंजिनाची चालच बिघडे, आणि एपीआयच्या सीएच-४ या वर्गाच्या कसोट्यांत याच जातीच्या इंजिनावरची बुडबुड्यांची परीक्षा सामील होती.

डिसेंबर २०१६ मध्ये अक्षरमाला पुन्हा फुटली. सीके-४ जुन्या इंजिनांनाही चालणारे, तर एफए-४ केवळ नव्या, पातळ तेलावर इंधन वाचवणाऱ्या इंजिनांसाठी. फोर्डने तर आपल्या डिझेल ट्रकांसाठी फॉस्फरसचे प्रमाण पुरेसे राखणारा स्वतःचा वेगळा क्रमांक डब्यावर पाहण्यास सांगितले, म्हणजे सीके-४ ही अक्षरेसुद्धा तिथे पुरेशी राहिली नाहीत. जुना आणि नवा असे दोन ट्रक बाळगणाऱ्याच्या अंगणात पुन्हा दोन बॅरल आली; ती अदलाबदल होऊ नयेत म्हणून एफए-४ च्या डब्यावरच्या गोल चिन्हाचा एक भाग वेगळ्या छटेने भरलेला असतो.