लाल मखमलीचा रंग

१९व्या शतकात अमेरिकेत ‘व्हेल्व्हेट केक’ हे नाव रंगावरून नव्हे, तर पोतावरून रूढ झाले. मैद्यातील ग्लुटेन, म्हणजे पिठाला चिवटपणा आणणारे प्रथिन, सौम्य व्हावे म्हणून त्यात कॉर्नफ्लोअर किंवा कोको मिसळला जाई आणि केक मखमलीसारखा मऊ होई. क्षारप्रक्रिया न केलेला कोको आम्लधर्मी असल्याने, ताक व व्हिनेगर यांच्या संगतीत त्यातील अँथोसायनिन हे रंगद्रव्य किंचित तांबूस छटा देते. आजच्या ‘रेड व्हेल्व्हेट’ केकच्या भडक लालीपुढे ती छटा विटकरीच म्हणावी लागेल. ही भडक लाली आली बाटलीतून. टेक्सासमधील अ‍ॅडम्स एक्स्ट्रॅक्ट या कंपनीने खाद्यरंगांचा खप वाढवण्यासाठी या केकच्या कृतीची कार्डे काढली, आणि ही कृती घरोघरच्या ओव्हनपर्यंत पोहोचली. छोट्या कपांतून केक भाजण्याची, म्हणजे कपकेकची, रीत त्याहून कितीतरी जुनी असून, अमेलिया सिमन्स यांच्या १७९६ सालच्या पाकपुस्तकात तिचा उल्लेख सापडतो. रेड व्हेल्व्हेटवरचे क्रीम चीजचे आवरण मात्र उत्तरकालीन होय; जुने आवरण दूध व मैदा मंद आचेवर घोटून, ती खळ पूर्ण निवल्यावर लोणी-साखरेत पिसासारखी हलकी होईतो फेटून केले जाई, आणि घरी कपकेक करणाऱ्याने एकदा तरी तेच करून पाहावे.