माढ्याची थंडी आणि डिझेल जीप

महिंद्राने 1947 साली विलीज जीप जोडायला घेतली, ती पेट्रोलवरची. प्यूजोचं डिझेल इंजिन आलं ऐंशीच्या दशकात, आणि त्याच्यासोबत हीटर प्लगही. डिझेलला ठिणगी नसते. दाबून तापलेल्या हवेनंच ते पेटतं. पहाटे गार लोखंड ती ऊब खाऊन टाकतं, म्हणून हीटर लागतो.

लडाखमध्ये तर डिझेलच थिजतं. 2019 मध्ये इंडियन ऑइलने उणे 33 अंशांपर्यंत वाहतं राहणारं डिझेल तिथं दिलं. आपल्या माढ्यात डिझेल थिजत नाही. दगा देतात बॅटरी आणि हीटर. म्हणून दिवाळी झाली, की मी जुन्या जीपचे हे दोन्ही तपासतो, फिल्टरमधलं पाणी काढतो. ऊसतोडीच्या दिवसांत पहाटे धक्का मारायला माणसं कुठून आणायची?