एक जूनची माणसं

स्वारगेटच्या एसटी आगारात ३१ मेला हारांचा खच पडतो. एरवीच्या महिनाअखेरीपेक्षा त्या दिवशी निरोप जास्त. राज्यभरच्या कचेऱ्यांत आणि शाळांतही हेच चित्र, कारण एका अख्ख्या पिढीत असंख्य माणसं कागदावर १ जूनलाच जन्मलेली आहेत. (एसटीही त्यातलीच. पहिली गाडी १ जून १९४८ ला पुणे-नगर मार्गावर धावली. तिची तारीख मात्र खरी आहे.)

जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा १९६९ चा. त्याआधीही नोंदी होत, पण दाखला आणतो कोण? जूनमध्ये शाळा उघडायची. पोराचा हात डोक्यावरून पलीकडच्या कानाला लागला, की गुरुजी सहा वर्षं मागे जाऊन १ जून लिहून टाकत. राज्य सरकारच्या नियमानुसार ज्या महिन्यात वय भरतं त्याच्या अखेरीस निवृत्ती, आणि जन्म एक तारखेचा असेल तर आदल्या महिन्याच्या अखेरीस. म्हणून ३१ मे.

माझे चाचा इथेच कंडक्टर होते. दादी सांगायची, "पानशेत फुटलं तेव्हा हा चिल्ल्यातच होता, मोहरमचा महिना होता." पानशेत फुटलं १२ जुलै १९६१ ला. म्हणजे चाचांचा जन्म जूनमधला, पण १९६१ चा. जून १९६६ मध्ये हात कानाला लागला आणि दाखल्यावर १ जून १९६० आलं. गुरुजींना पोरगं लवकर शाळेत हवं होतं, वाईट हेतू काहीच नव्हता. पण २०१८ च्या मे अखेरीस चाचा घरी बसले, एक वर्ष आधी.

त्या एका वर्षाची किंमत काय? पगार तर गेलाच. एसटी हे महामंडळ, त्यामुळे पेन्शन सरकारी नव्हे, ईपीएस-९५ ची. ती योजना १६ नोव्हेंबर १९९५ पासूनची. त्याआधी १९७१ ची कुटुंब पेन्शन होती, ती नोकर मेल्यावर त्याच्या बायकोमुलांसाठी. जिवंतपणी निवृत्त झालेल्याला पीएफ आणि ग्रॅच्युइटीच. आता दहा वर्षं नोकरी आणि वय ५८ लागतं. पेन्शनयोग्य पगार गुणिले नोकरीची वर्षं, भागिले ७०. पगार कितीही असो, धरायचे १५,००० रुपयेच. म्हणजे गेलेलं एक वर्ष महिन्याला साधारण २१४ रुपयांचं, तेही मरेपर्यंत. ज्या योजनेत किमान पेन्शन १,००० रुपये आहे, तिथे २१४ ला कोणी किरकोळ म्हणू नये.

गंमत म्हणजे दादीच्या चंद्राच्या कॅलेंडरने मोजलं असतं, तर खऱ्या जन्मापासूनही ५८ वर्षं पावणेदोन वर्षं आधीच भरली असती!

५८ हा आकडा तरी कुठे पक्का होता? केंद्राने १९६२ मध्ये तो ५५ वरून ५८ केला आणि १९९८ मध्ये ६०. महाराष्ट्रात बहुतेकांसाठी ५८ च राहिला.

जन्मतारीख दुरुस्त करता येते. राज्य सरकारी नोकराने तो अर्ज नोकरीला लागल्यापासून पाच वर्षांच्या आत करायचा असतो. पंचविशीत कोणाला ५८ दिसतं? त्या वयात चाचांना एकच चिंता होती, साताऱ्याची गाडी वेळेवर सुटेल का.