पीडेरस

पीडेरस : रोव्ह भुंगेऱ्यांच्या स्टॅफिलिनिडी कुलातील एक वंश. या कुलात साठ हजारांहून अधिक जाती आहेत. पीडेरसचा अर्थ व्यापक घेतला तर त्याच्या जाती सहाशेंवर जातात. अंटार्क्टिका वगळता सर्व खंडांत, विशेषतः उष्ण प्रदेशांतील भातखाचरांत आणि पाणथळ काठांवर त्यांचा वावर असतो.

बहुतेक जातींची लांबी सुमारे ७ ते १० मिमी. असते. डोके काळे, छाती नारिंगी, पंखकवच निळे किंवा हिरवे चकचकीत, पोट नारिंगी आणि त्याचे टोक काळे, अशी ठळक रंगसंगती बऱ्याच जातींत आढळते. पंखकवच आखूड असल्याने पोट उघडेच राहते. उडण्याचे पंख मात्र त्याखाली घडी करून ठेवलेले असतात. डिवचल्यास कीटक पोटाचे टोक विंचवाच्या नांगीसारखे उचलतो, पण त्याला नांगी नसते.

जीवनक्रम : मादी ओलसर जागी एकेक अंडे घालते. अळीच्या दोन अवस्थांनंतर कोष.

विष : अंगातील द्रवात पेडेरिन हे द्रव्य असते. ते पेशींतील प्रथिननिर्मिती थांबवते. इटलीत पावान आणि बो यांनी १९५३ मध्ये ते वेगळे केले; त्यासाठी पीडेरस फ्युसिपिस या जातीचे सुमारे अडीच कोटी कीटक लागले. हे द्रव्य कीटक स्वतः बनवत नाही. मादीच्या शरीरात राहणारे स्यूडोमोनास गटातील जिवाणू ते तयार करतात. यॉर्न पील यांनी २००२ मध्ये त्यामागची जनुके दाखवून दिली. पेडेरिनशी जवळचे नाते असणारी द्रव्ये सागरी स्पंजांतही सापडली आहेत. मादी पेडेरिन अंड्यांत उतरवते आणि अशा अंड्यांतून निघालेल्या अळ्या लांडगा कोळी टाळतो. सर्वच माद्यांच्या शरीरात हे द्रव्य तयार होत नाही.

त्वचादाह : पीडेरस चावत नाही. अंगावर बसलेला कीटक चिरडला गेला की द्रव त्वचेला लागतो आणि साधारण दिवसभराने लाल पट्टा, मग फोड उठतात. कोपराच्या घडीत समोरासमोर दोन डाग उमटतात. हात डोळ्याला लागल्यास पापणी सुजते. लांबट पट्ट्यामुळे नागीण झाल्याचा समज होऊ शकतो. पूर्व आफ्रिकेत ‘नैरोबी माशी’ म्हणून ओळखला जाणारा कीटक याच वंशातला. १९९७–९८ च्या एल निनोच्या अतिवृष्टीनंतर तेथे मोठा प्रादुर्भाव झाला. जुलै २०२२ मध्ये सिक्कीममध्येही असे रुग्ण आढळले. इसवी सन ७३९ मधील एका चिनी ग्रंथातील विषारी कीटक हाच असावा, असे काही अभ्यासक मानतात.

शेतीतील महत्त्व : पीडेरस फ्युसिपिस भातावरील तपकिरी तुडतुडे आणि इतर मऊ अंगाचे कीटक खातो, म्हणून तो मित्रकीटक ठरतो. सरसकट फवारणीत तुडतुड्यांबरोबर त्यांचा हा भक्षकही मरतो. दिव्याकडे ओढ असल्याने तो घरांत शिरतो. रात्री दिवे कमी ठेवावेत, खिडक्यांना जाळी लावावी; अंगावर आढळल्यास न चिरडता फुंकून उडवावा आणि ती जागा साबणाने धुवावी.

वर्गीकरण : भारतीय उपखंडातील रोव्ह भुंगेऱ्यांचे वर्णन माल्कम कॅमरन यांनी १९३० ते १९३९ या काळात ‘फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया’ मालिकेच्या चार खंडांत केले.